यंत्रातलं सदुसष्ट साल

उत्तरदित
रविवार, २८ जुलै २५६७

प्रिय पियाक,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर लिहून जलद टपालानं पाठवते आहे. टपाल कचेरीतल्या बाई म्हणाल्या की नॉर्वेला आठ ते दहा दिवस धरा. बाबांचा अंत्यसंस्कार सतरा ऑगस्टला आहे, म्हणजे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडावं. तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे. जूनमध्ये तू म्हणालास, "ताई, जिवंतपणी त्यांना मी नको होतो, आता चितेला तरी कशाला हवा?" मी त्यावर काही बोलले नाही. ते गेल्यापासूनचा शंभरावा दिवस आम्ही तुला सवड मिळावी म्हणूनच धरला होता. शवपेटी अजून विहारात आहे, भिक्खूंना तारीख सांगून झाली आहे, आणि तुझं नाव मी येणाऱ्यांच्या यादीत लिहिलेलं नाही, खोडलेलंही नाही. गेले तीन आठवडे मी शनिवार-रविवार फिट्सनुलोकहून इथं येते. घर बंद ठेवलं की भिंतींना बुरशी धरते, असं मी कचेरीत सांगते. खरं काम वेगळं होतं.

बाबांनी आपल्या अंत्यसंस्काराला आलेल्यांना वाटायचं पुस्तक स्वतःच करून ठेवलं होतं. तुला हे माहीत नसावं. भूमापन कचेरीतला माणूस, दुसऱ्यानं आपलं आयुष्य चुकीच्या प्रमाणात काढलेलं त्यांना चाललं नसतं. चौसष्ट पानं आहेत. अर्धी पानं नोकरीच्या आठवणी, अर्धी पानं नकाशे. जिल्ह्यातले जे झरे आणि ओढे धरणाखाली गेले किंवा बुजवले गेले, ते त्यांनी जुन्या मोजणी-वह्यांवरून पुन्हा काढले आहेत. एकेका झऱ्याखाली लिहिलं आहे की तिथं पाणी कुणी प्यायलं, कुणाची बैलजोडी अडकली, कुणाशी भांडण झालं. हे सगळं तू जोडून दिलेल्या त्या जुन्या संगणकात आहे, आणि नकाशाचा प्रोग्रॅम त्या एकाच यंत्रावर चालतो. छापखान्याला दोन ऑगस्टपर्यंत पानं हवी होती. नाहीतर लोकांना रिकाम्या हातानं परत पाठवायचं, किंवा बाजारातून आणलेली, कुणाच्याही नावानं चालणारी सूत्रांची पुस्तिका वाटायची. मला ते नको होतं.

यंत्र सुरू केलं तेव्हा पडद्यावर हिरव्या रेघा आल्या आणि मग काळोख झाला. झाकण काढलं तर ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात पालीची दोन अंडी, एक फुटलेलं. पंखा फिरत नव्हता. बाजारातल्या उदोमकडे कार्ड घेऊन गेले. तू त्याच्याकडूनच सुटे भाग घ्यायचास, त्याला तू आठवतोस. कार्ड हातात फिरवून तो म्हणाला, "ताई, हे काही आजारी नाही, हे गेलंय. भिक्खूंना सूत्रं म्हणायला लावू का?" त्यानं त्याच कंपनीचं थोडं नंतरचं, वापरलेलं कार्ड दिलं आणि बजावलं की कार्ड बसवणं सोपं, त्याला विंडोजशी बोलायला शिकवणारा ड्रायव्हर बसवणं हीच खरी डोकेदुखी. ते खरं निघालं.

कार्ड बसवल्यावर पडदा उजळला, पण अक्षरं बोटाएवढी जाड, आणि नकाशाचा प्रोग्रॅम उघडायलाच तयार नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर जायला गेले तर लाल पान आलं, ही जागा सुरक्षित नाही. मला वाटलं, जुना ब्राउझर, चालायचंच. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या संगणकावरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन आले. एक्केचाळीस टक्क्यांपर्यंत गेला आणि थांबला. त्याच्याआधीची आवृत्ती आणली, तीही तिथंच थांबली. मग जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरचे अवशेष यंत्राच्या सुरक्षित अवस्थेत जाऊन पुसले, यंत्र बत्तीस बिटचं की चौसष्ट बिटचं ते तपासलं, कार्ड काढून त्याची पट्टी खोडरबरानं घासून पुन्हा बसवलं. प्रत्येक वेळी काय केलं ते डायरीत लिहिलं, कारण पुढच्या शनिवारी काय करून झालंय ते मला आठवत नाही. अकरा नोंदी आहेत. अकराही वेळा शेवटी तीच चौकट यायची, की लागणारं प्रमाणपत्र मुदतीत नाही. मी मनाशी म्हटलं, कार्ड जुनं, प्रमाणपत्र जुनं, मुदत संपली असेल. त्याच वाक्याच्या शेवटी यंत्राच्या घड्याळाचा उल्लेख होता. अकरा वेळा मी ते वाक्य अर्धंच वाचलं. नोंदणी विभागात वीस वर्षं काम करणाऱ्या बाईनं.

उदोमनं फोनवर उपाय सांगितला. "प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाका ना ताई! यंत्राला म्हणायचं, डोळे मीट. पाच मिनिटांत बसेल." मी नको म्हटलं. ज्याचा खरेपणा ठरलेला नाही ते आत घ्यायचं नाही, असं काहीतरी मी त्याला ऐकवलं. तो हसला आणि म्हणाला, "मग बसा राखण करत." आता वाटतं, त्याचं ऐकलं असतं तर पुस्तक दोन आठवड्यांपूर्वीच छापखान्यात गेलं असतं आणि हे पत्र मी लिहिलं नसतं. यात माझा काही गुण आहे असं समजू नकोस. मी केवळ हट्टी आहे.

काल सकाळी आशा सोडली. ठरवलं, निदान आठवणींचा मजकूर तरी पेनड्राइव्हवर काढून न्यावा, नकाशांशिवाय छापावा. फाइलींची यादी तारखेनं लावली. खालून वर येत गेले. ११/२/१९. ३०/८/२१. ५/११/२३. ९/१/२४. आणि त्याच्यावर एकदम ११/१/६७. मी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. तिथंही वर्ष ६७ होतं. तीन आठवडे ते ६७ माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला त्यात काही खटकलं नाही, कारण इथं आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर, बिलावर, औषधाच्या बाटलीवर हेच साल आहे, पंचवीसशे सदुसष्ट. पण यंत्र आपलं बौद्ध साल मानत नाही. तुमच्याकडचं इसवी साल मानतं, दोन हजार चोवीस. बाबांचा संगणक दोन हजार सदुसष्टमध्ये होता. त्रेचाळीस वर्षं पुढे. तिथून पाहिलं तर जगातल्या प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत कधीच संपून गेलेली होती.

वर्ष बदललं, यंत्र पुन्हा सुरू केलं. ड्रायव्हर चार मिनिटांत बसला. पडदा एकदा काळा झाला, परत आला, आणि बाबांचे झरे केसाएवढ्या निळ्या रेघांनी दिसायला लागले. सगळी पानं उघडली. उद्या छापखान्यात देते आहे. म्हणजे ज्या कामासाठी मी येत होते ते काम झालं, आणि इथं हे पत्र संपवता आलं असतं.

पण घड्याळ आपोआप पुढे गेलं नव्हतं. ते कसं गेलं हे मला लगेच आठवलं, तरी मी डायरी काढून खात्री करून घेतली. दहा जानेवारी, बुधवार. यंत्रातला बटणाएवढा सेल संपला होता, बाबांनी स्वतः नवा बसवला आणि यंत्र तारीख विचारायला लागलं. फोनवर त्यांना ऐकू येत नसे हे तुला माहीत आहे, म्हणून फोन शेजारच्या लमाईमावशीचा, बोलणार मावशी, आणि बाबा मागून ओरडणार. मी कचेरीत होते, समोर प्रवेशअर्जांची रांग होती. मावशी म्हणाली, "अगं पिन, तुझे बाबा म्हणतायत पंचवीस येतच नाही! वीसच येतंय पुढे!" मी म्हटलं, "मग वीस राहू द्या, मागे सदुसष्ट घाला." मावशीनं ते ओरडून सांगितलं. मागून बाबांचा आवाज आला, मग मावशी, "म्हणतायत, असं कसं चालेल? आणि वारही चुकीचा दाखवतंय. आज बुधवार ना? हे सोमवार म्हणतंय." मी म्हटलं, "मावशी, वाराचं काय करायचंय त्यांना? जे बसतंय ते घाला म्हणावं, आणि गप्प बसा." शेवटचे शब्द मी मावशीला उद्देशून म्हटले होते की बाबांना, हे मला आठवत नाही. मावशीनं तेही जसंच्या तसं ओरडून सांगितलं. चाळीस वर्षं जमीन मोजलेल्या माणसानं चूक दोनदा दाखवून दिली होती.

दोन दिवसांनी मावशीचा पुन्हा फोन आला की मेल उघडत नाही, लाल पान येतंय. मी म्हटलं, यंत्र म्हातारं झालंय, एप्रिलमध्ये नववर्षाच्या सणाला, सोंक्रानला येईन तेव्हा बघते. लाल पाटी लागली की आत जायचं नाही, ही बाबांची सरकारी शिस्त. ते गेले नाहीत. मी सोंक्रानला आले आणि यंत्राकडे पाहिलंही नाही.

तुझी मेल त्यांनी वाचली होती, पियाक. सहा जानेवारीची, ज्यात तू विचारलं होतंस की सोंक्रानला वानपेनला आणि तिच्या मुलीला, मीनला, घेऊन येऊ का, तिघांनी मिळून आशीर्वादासाठी तुमच्या हातांवर पाणी घालू का. ती उघडलेली आहे. त्यानंतरच्या तुझ्या दोन मेल न उघडलेल्या आहेत. काल मेलपेटी उघडली तेव्हा त्या ठळक अक्षरांत दिसल्या. मी त्या वाचल्या नाहीत. बाबांची उत्तर देण्याची रीत तुला आठवत असेल. आधी वेगळ्या फाइलीत लिहायचं, तीन दिवस राहू द्यायचं, मग सुधारून मेलमध्ये उतरवायचं. 'पियाकला' नावाच्या अशा चार फाइली आहेत. पहिली नऊ जानेवारीची, घड्याळ बिघडण्याच्या आदल्या दिवशीची. तिच्यात ते नाही म्हणतात. सुमाली अजून या घरात येते-जाते, औषधं आणून देते, तिच्यादेखत दुसरीला उंबरा ओलांडू देणं मला जमणार नाही, तू एकटा ये, असं लिहिलं आहे. तीन दिवस झाले असते तर ही मेल तुला मिळाली असती. माझ्या चुकीमुळे ती गेली नाही. ही गोष्ट माझ्या बाजूची म्हणून लिहावी की नाही यावर मी बराच वेळ घालवला. लिहिते आहे, कारण घडलं तसंच आहे, पण तिचा फायदा घेत नाही. दुसरी दोन फेब्रुवारीची, अर्धी. तिच्यात ते विचारतात की मीन आठ वर्षांची, म्हणजे तिखट खाते का, आणि तिला पोहता येतं का, कारण नदी फाटकापासून जवळ आहे. तिसरी वीस मार्चची, सर्वांत छोटी. ती तूच वाच. चारही छापून सोबत ठेवल्या आहेत. पहिली काढून ठेवण्याचा विचार आला होता. मग त्यांनी किती अंतर चालून तिसरी लिहिली ते तुला कळलं नसतं.

सुमालीला हे सगळं मी काल संध्याकाळी सांगितलं. ती चिकट भात आणि भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा घेऊन आली होती, डबा उघडलाच नाही. तुझं-तिचं लग्न मोडलं तेव्हापासून मी तिची बाजू घेत आले हे तू जाणतोस. मला वाटलं होतं, ती निदान माझ्याकडे समजुतीनं बघेल. ती म्हणाली, "म्हणजे माझं नाव पुढे करून तू हे केलंस? मला विचारलं होतंस? मी काय तुमच्या घराचं कुंपण आहे, पिन?" मग भांडी आवरता आवरता म्हणाली, "येऊ दे की त्याला, तिलाही येऊ दे. तीनशे माणसं जेवायची आहेत, मी वाढण्यात असेन. फक्त माझ्याशी गोड बोलायला येऊ नका म्हणावं, दोघांनीही."

तिनं जे 'केलंस' म्हटलं ते घड्याळाबद्दल नव्हतं. घड्याळ ही चूक होती, तिला मी चूक म्हणू शकते. डायरीत एकवीस मार्चची नोंद आहे, माझ्या हातची, तीन ओळींची. त्या दिवशी लमाईमावशीनं फोन केला आणि बाबांनी मागून ओरडून दिलेला निरोप मला सांगितला, तुला कळवण्यासाठी, कारण तुझा नवा नंबर फक्त माझ्याकडे होता. मी 'हो, सांगते' म्हटलं. विसरले, असं लिहिणं सोपं होतं, आणि काल पहिल्या मसुद्यात मी तसंच लिहिलं. पण मी विसरले नव्हते. सुमाली सोंक्रानला येणार होती, मला त्या अंगणात तुम्ही तिघं नको होतात, आणि मी एकेक दिवस पुढे ढकलत गेले. सोंक्रान झाल्यावर मनाची समजूत घातली की बाबांनी एव्हाना स्वतःच मेल पाठवली असेल, उत्तर द्यायचं तुझ्यावर होतं. जूनमध्ये तू फोनवर ते चितेचं वाक्य बोललास तेव्हाही मी हीच समजूत धरून गप्प बसले. काल घड्याळ पाहिल्यावर ती धरायला उरली नाही. त्यांना मेल पाठवता येणं शक्यच नव्हतं, आणि तेही माझ्यामुळे. चौथी फाइल सोळा एप्रिलची आहे. तिच्यात लिहिलं आहे की मोठ्या वाडग्यात मोगऱ्याचं पाणी भरून तीन दिवस ठेवलं होतं, मग झाडांना घातलं, तुला सवड झाली नसेल, पुढच्या वर्षी बघ. मी तुला सांगितलं आहे असं ते धरून चालले होते. तू आला नाहीस असं समजून ते गेले आणि त्यांनी बोलावलं नाही असं समजून तू तिकडे बसला आहेस, आणि मधे मी होते. क्षमेबद्दल मी इथं काही लिहीत नाही. ती मागण्यासाठी हे पत्र नाही. एक निरोप पोचवायचा राहिला होता, तो चार महिने उशिरानं पोचवते आहे. मावशीनं सांगितला तसाच, एकही शब्द न बदलता: "पियाकला म्हणावं, तिघंही या. तिघंही. दोनदा सांगायला सांगितलंय मला."

तुझीच,
पिनताई